सागाची चाळणी करणारं पिवळं पाखरू

दसरा होऊन चारच दिवस झाले होते आणि मोठेबाबांचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, सागाची रांग, पस्तीसेक झाडं, सगळी तपकिरी, जशी कोणी खालून जाळ लावला. खाली व्हॉइस मेसेज, "बाबू, सागवान गेला ना आपला. यंदा पाणी तर चांगलं होतं, मग काहून करपलं हे?" मागून मोठीआईचा आवाज, की तुम्ही उगाच पोराला टेन्शन देऊन राहिले.

गाव आमचं गोंडपिपरीकडे, चंद्रपूर जिल्हा. धान, थोडी पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि जवळपास प्रत्येक धुऱ्यावर साग. या पट्ट्यात साग म्हणजे बँकेतली एफडी, पोरीचं लग्न नाहीतर घराचं छत डोक्यात ठेवून लावलेला. अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मधे बल्लारशाच्या डेपोतून इथलंच सागवान गेलं, तेव्हा तर गावातला प्रत्येक जण आपल्या झाडाकडे असा पाहत होता जसं उद्या आपल्यालाही बोलावणं येणार आहे. तर अशी एफडी एका महिन्यात करपलेली दिसली की माणूस घाबरणारच. मोठेबाबा घाबरून एका कृषी केंद्रात गेले, तिथल्या माणसानं झाड न पाहता, पान न पाहता, पऱ्हाटीवर मारायचं औषध हातात ठेवलं आणि पैसे घेतले. नाव घेत नाही, पण बाटली अजून पडवीत आहे, सील न फोडलेली.

दिवाळीत गेलो तेव्हा पहिलं काम ते पान हातात घेणं. सागाचं पान तुम्हाला माहीत आहे, हातभर लांब, वरून खरखरीत, सॅंडपेपरसारखं. हे पान मी उजेडाकडे धरलं तर आरपार मोठेबाबांचा चेहरा दिसला. पानातलं हिरवं सगळं गायब, पण शिरा सगळ्या जागच्या जागी, मधली जाड शीर, तिच्यातून निघालेल्या बाजूच्या शिरा, त्यांच्यामधल्या बारीक बारीक आडव्या, सगळं जाळं शाबूत. चाळणीच. कोणी बसून सुईनं कोरलं असतं तरी इतकं साफ जमलं नसतं. खालच्या फांदीवर एक पान अजून अर्धं हिरवं होतं, त्याच्यावर एका ठिकाणी पातळ पांढुरकी जाळी होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी, पण पानाला चिकटून ताणलेली. काडीनं ती उचलली तर खाली हिरवट रंगाची, पाठीवर जांभळट तपकिरी पट्टे असलेली अळी, माझ्या करंगळीच्या एका पेराएवढीही नव्हती. काडी लागली तशी ती वळवळत सरकली, पुढे नाही, मागे! आणि बाजूला काळे काळे दाणे, खसखशीसारखे. म्हणजे तिची विष्ठा.

"एवढीशीनं?" मोठेबाबा म्हणाले. मग त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहून राहिलो, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमधे चंद्रपूर-गडचिरोलीच्या रोडनं जाताना एसटीतले लोक दर काही वर्षांनी हेच विचारतात की जंगल का करपलं, आणि कोणी म्हणतं रोग आला, कोणी म्हणतं प्रदूषण, कोणी म्हणतं पाऊस लवकर गेला.

हे एका छोट्या पतंगाचं काम आहे. पतंग म्हणजे उडवायचा नाही, रात्री लाइटवर येतं ते पाखरू. शास्त्रीय नाव युटेक्टोना मॅकेरॅलिस. १८५९ मधे फ्रान्सिस वॉकर नावाच्या इंग्रज कीटकतज्ज्ञानं याची पहिली शास्त्रीय नोंद केली. सागाचं शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस, म्हणजे पहा, किड्याच्या नावात आता झाडाचंच नाव बसलंय, इतका तो सागाला बांधलेला. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत जेमतेम इंचभर. रंग पिवळसर, त्यावर तांबूस-गुलाबी नागमोडी रेघा, खरं सांगायचं तर दिसायला गोड आहे. तुम्ही सागाच्या पट्ट्यात राहत असाल तर पावसाळा संपता संपता अंगणातल्या बल्बखाली तो तुम्ही नक्की पाहिला असेल आणि झाडूनं लोटूनही दिला असेल.

धान करणाऱ्यांना हा किडा समजावणं एकदम सोपं आहे. धानावर पान गुंडाळणारी अळी येते ना, पान लांबोळकं गुंडाळून आत बसते आणि हिरवं खरवडून खाते, मग पानावर पांढरे पट्टे पडतात? ती अळी आणि ही सागावरची अळी एकाच खानदानातल्या, शास्त्रात त्या कुळाला क्रॅम्बिडी म्हणतात. धानाचा पिवळा खोडकिडा पण त्याच घरचा. म्हणजे मोठेबाबांची या घराण्याशी जुनी ओळख होती, फक्त हा चुलतभाऊ झाडावर राहतो एवढंच.

आता शिरा का सोडते? पान म्हणजे एक सँडविच समजा. वर एक कातडी, खाली एक कातडी आणि मधे मऊ हिरवा गर, त्यातच पानाचा सगळा स्वयंपाक चालतो, ऊन पाणी हवा घेऊन साखर बनवायचा. आणि या सँडविचमधून पाइपलाइन गेलेली असते, त्या शिरा. त्या लाकडासारख्या टणक. ही अळी इतकी लहान की तिच्या जबड्याला शीर फोडणं परवडत नाही, आणि साग काही मेथीची भाजी नाही, जून पान एकदम चिवट. मग ती दोन शिरांच्या मधल्या खड्ड्यात बसते, वरून रेशमाची जाळी ताणते, म्हणजे पाखराच्या चोचीपासून थोडा आडोसा, आणि आरामात गर खरवडत बसते. एक चौकट संपली की दुसरी. एकटी अळी काही पूर्ण पान खात नाही, पण एका पानावर वीस-पंचवीस जमल्या की चाळणी. खाल्लेलं पान वाळतं, तपकिरी होतं, पण लगेच गळत नाही, तसंच लटकून राहतं, आणि म्हणूनच लांबून जंगल जळल्यासारखं दिसतं. हे लटकणं लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

मादी पानावर अंडी घालते, एकेक करून, पसरून, गठ्ठ्यानं नाही. दोन-तीन दिवसांत अळी बाहेर. ती खाते, कातडी टाकते, परत खाते, असं पाच टप्प्यांत वाढते, मग त्याच जाळीत नाहीतर पानाची घडी करून आत कोष करते आणि आठवड्याभरात पाखरू होऊन उडून जाते. गरम दमट हवा असेल तर हा सगळा खेळ साधारण तीन-चार आठवड्यांत संपतो, म्हणजे एका पावसाळ्यात तीन-चार पिढ्या सहज.

इथं जरा हिशोब करू. एका मादीनं २०० अंडी घातली असं धरा, अर्ध्या माद्या, म्हणजे १००. त्या सगळ्या जगल्या तर पुढच्या पिढीत १०,००० माद्या, त्याच्या पुढच्या पिढीत १० लाख. तीन महिन्यांत! प्रत्यक्षात असं होत नाही कारण बहुतेक अळ्या मरतात, कोणी खातं, कोणी पावसात वाहून जातं. पण ज्या वर्षी खाणारे कमी पडले आणि हवा जमून आली त्या वर्षी जुलैमधे कोणाला न दिसणारा किडा सप्टेंबरपर्यंत अख्खं जंगल तपकिरी करतो. म्हणूनच लोकांना वाटतं एका रात्रीत झालं. एका रात्रीत काही होत नाही, आपण पाहत नसतो एवढंच.

थंडी पडली की मग शेवटच्या पिढीच्या अळ्या गळालेल्या पानांत, पाचोळ्यात, दबून राहतात, खाणं बंद, वाढ बंद, झोपल्यासारख्या. उन्हाळ्यात साग तसाही नागडा असतो, खायला काही नाही, मग जागून करणार काय. पाऊस आला, नवी पानं फुटली की परत सुरुवात.

(आमच्याकडे मोहाच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळतात, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून, आणि काही जण म्हणतात की त्यानं किडा मरतो, बरंच आहे. मरत असेल काही, पण त्याच पाचोळ्यात किड्याला मारणारेही झोपलेले असतात ना बाप्पा.)

आता मुद्द्याचं. मोठेबाबांचा खरा प्रश्न हा नव्हता की किडा कोणता, प्रश्न होता की झाड मेलं का. नाही मेलं. नखानं खोडाची साल जरा खरवडून दाखवली, आत ओली हिरवी. आणि नुकसान किती झालं? इथं गंमत आहे.

सागावर दोन पतंग नावाजलेले आहेत. एक हा चाळणीवाला. दुसरा हायब्लिया प्युएरा, त्याला पानं फस्त करणारा म्हणू. तो थोडा मोठा, पंख मातकट राखाडी, आणि मागचे पंख काळपट, त्यावर नारिंगी-पिवळे डाग, बसला की दिसत नाहीत, उडाला की दिसतात. त्याची अळी पानाची कड कापते, घडी मारून रेशमानं टाके घालते, आत लपून बसते आणि कोवळं पान शिरांसकट खाते, फक्त मधली जाड शीर आणि काही मोठ्या शिरा राहतात. तो येतो पावसाच्या सुरुवातीला, जून-जुलैमधे, पानं एकदम लुसलुशीत असताना, ती पानं जी आम्ही लहानपणी तळहातावर चोळून लाल रंग करायचो आणि घरी येऊन रक्त आलं म्हणून रडायचं नाटक करायचो. जोराची धाड पडली तर सागाखाली उभं राहिलं की वरून बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, टप टप टप, आभाळ साफ असलं तरी. ती विष्ठा पडत असते. आणि मोठ्या झालेल्या अळ्या रेशमाच्या धाग्यानं खाली उतरतात, जमिनीवर पाचोळ्याखाली कोष करायला, तेव्हा रस्त्यानं चाललं की केसांत लटकतात.

केरळमधे निलांबूरला सागाची जुनी लागवड आहे. तिथं केरळ वन संशोधन संस्थेनं कमी वयाच्या सागावर एक प्रयोग केला, त्याचे निकाल १९८५ मधे आले. काही प्लॉटमधे फक्त फस्त करणाऱ्यापासून झाडं वाचवली, काहींत फक्त चाळणीवाल्यापासून, काहींत दोघांपासून, आणि काही तशीच सोडली. मग लाकूड किती वाढलं ते मोजलं. निकाल असा की फस्त करणाऱ्यामुळे लाकडाची जी वाढ व्हायला पाहिजे होती त्यातली ४४ टक्के गेली. जवळपास अर्धी! एका हेक्टरमागे वर्षाला वाचवलेल्या झाडांत साधारण ६.७ घनमीटर वाढ, न वाचवलेल्यांत ३.७. आणि चाळणीवाल्यामुळे? लक्षात घेण्यासारखं काहीच नाही.

मोठेबाबांना हे दोनदा सांगावं लागलं, मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वाचावं लागलं होतं.

कारण टायमिंग. पावसाळ्याच्या सुरुवातीचं पान म्हणजे कमावता पोरगा, अख्खा हंगाम पुढे आहे, तेव्हाच त्याला खाल्लं तर झाडाला साठवलेल्या मालातून परत नवी पानं काढावी लागतात, आणि नेमकं तेव्हाच तर झाड जोमात वाढत असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरचं पान म्हणजे रिटायरमेंटला आलेला बाबू. त्याचं बहुतेक काम झालेलं, लाकडाची वर्षाची वाढ बरीचशी होऊन गेलेली, अजून दोन-चार महिन्यांत ते पान तसंही पडणार. तेव्हा ते खाल्लं तर झाडाचं जातं, पण थोडं जातं. (थोडं म्हणजे शून्य नाही. पान पडायच्या आधी झाड त्यातला नायट्रोजन वगैरे माल परत आत ओढून घेतं, घर सोडताना भांडीकुंडी नेतात तसं, तो माल अळी खाऊन जाते. तो विष्ठेतून मातीत पडतो म्हणा.)

आणि खरा घोळ आपल्या डोळ्यांचा आहे. फस्त करणारा येतो, पान खाऊन साफ करतो, पंधरा-वीस दिवसांत झाड परत हिरवंगार होतं, त्या दिवसांत माणूस धानाच्या रोवणीत गुंतलेला, डोकं खाली चिखलात, वर पाहतो कोण. ऑगस्टमधे पाहिलं तर साग मस्त डोलतोय, काही झालंच नाही जसं. अर्धी वाढ गेली आणि धनी खुश! चाळणीवाला येतो तेव्हा धान निसवलेलं, माणूस मोकळा, पान दोन-तीन महिने तसंच तपकिरी लटकलेलं, येणारा जाणारा विचारतो, आणि बोंब होते. एकजण गुपचूप तिजोरी फोडतो, दुसरा दारावरचं तोरण चोरतो, आणि आपण पोलिसात तक्रार करतो तोरणाची.

एवढं मात्र खरं की चाळणीवाल्यालाही सरसकट माफी नाही. नर्सरीतली रोपं, एक-दोन वर्षांची झाडं, त्यांच्याजवळ साठा कमी, तिथं त्रास होतो. आणि एखाद्या वर्षी तो जुलै-ऑगस्टमधेच चढला तर वरचा हिशोब बदलतो. मोठेबाबांची झाडं चौदा-पंधरा वर्षांची, किडा ऑक्टोबरचा, म्हणून मी निवांत होतो.

एक बाजूची गोष्ट, कारण मला स्वतःला ती फार इंटरेस्टिंग वाटते. थंड देशांत पाइनची जंगलं असतात, तिथंही असे पतंग आहेत, युरोपात पाइन लूपर म्हणून एक आहे, त्याची अळी आपल्या सोयाबीनवरच्या उंट अळीसारखी पाठ वर काढून चालते आणि पाइनच्या सुया खाते. पाइन सदाहरित, त्याची एकेक सुई दोन-तीन वर्षं नाहीतर जास्तच टिकते, म्हणजे झाडाची सगळी बचत त्या सुयांत. त्या अळ्यांनी झाड पूर्ण बोडकं केलं तर ते खचतं, पुढे खोड पोखरणारे भुंगेरे लागतात आणि बरीच झाडं मरतात. आपला साग दरवर्षी स्वतःच सगळी पानं टाकून देतो. ज्याला दरवर्षी घर रिकामं करायची सवय आहे त्याला एखादा चोर काय घाबरवणार.

आता औषध मारायचं का? झाड तीस-चाळीस फूट उंच, पाठीवरचा पंप पोचतो दहा-बारा फूट, आणि वर तोंड करून फवारलं की सगळं आपल्याच अंगावर. यवतमाळात २०१७ मधे फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ती पऱ्हाटी होती, डोक्याएवढी. झाडावर तर विचारच नको. आणि पैशाचं म्हणाल तर जे पान दिवाळीनंतर पडणारच आहे त्याच्यासाठी बाटली फोडायची?

त्यापेक्षा फुकटात राबणारी फौज आहे. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीची एकदम चिमुकली बहीण, टाचणीच्या डोक्याहून लहान, ती पतंगाच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, मग त्या अंड्यातून अळी निघतच नाही, दुसरी माशीच निघते. पऱ्हाटीवाल्यांना या माश्या शेतात सोडायला लावतात ते ट्रायकोकार्ड माहीत आहे, तेच हे. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेनं सागाच्या किड्यांसाठी यातल्याच एका जातीवर काम केलंय. दुसरी एक गांधीलमाशी अळीच्या अंगात अंडी घालते, तिचं तर शास्त्रीय नावच या सागाच्या किड्यावरून, अपँटेलिस मॅकेरॅलिस. शिवाय मुंग्या, कोळी, खंडोबाचा घोडा म्हणतात तो प्रार्थनाकीटक, आणि कोतवाल, साळुंक्या हे पक्षी. आमच्या धुऱ्यावर त्या दिवशी कोतवालांची अशी गर्दी होती जशी पंगत बसली.

ही फौज टिकवायची कशी, ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले बीसन नावाचे कीटकतज्ज्ञ इंग्रजांच्या काळातच सांगून गेले. फक्त सागच साग लावू नका, मधे दुसरी झाडं राहू द्या, खालची झुडपं साफ करू नका. कारण या माश्यांना सागाचा किडा नसतो त्या महिन्यांतही जगायला दुसऱ्या अळ्या पाहिजेत, आणि त्या असतात ऐनावर, बेहड्यावर, रानातल्या फालतू वाटणाऱ्या झुडपांवर. आपण काय करतो, सागाची रांग लावतो आणि खालचं सगळं तोडून स्वच्छ करतो, म्हणजे किड्याला दिली पंगत आणि राखणदारांनाच हाकललं. मोठेबाबांनी मागच्याच उन्हाळ्यात धुरा साफ करायला मजूर लावले होते, मी काही बोललो नाही, त्यांनीच जरा खाली पाहिलं.

औषधाची बाटली परत घ्यायला दुकानदारानं नाही म्हटलं. पानं जानेवारीत पडली. मार्चमधे साग नेहमीसारखा काटक्यांचा सापळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि मोठेबाबांनी फोटो पाठवला, पोपटी पानं, एकेक पान सुपाएवढं, खाली अंगठा.

जुलैमधे रोवणी चालू असताना परत फोन. "बाबू, मी आज मुद्दाम वर पाहिलं. यंदा शिरा बी नाही ठेवल्या रे, पानच नाही. अन् खाली उभं राहिलं तर पाऊस पडल्यासारखा आवाज येऊन राहिला."

"मोठेबाबा, हा दुसरा आहे," मी म्हटलं.